भाकरीच्या हिशेबातली माणसं

बुधवारची दुपार आहे. कुणाची भांडी आवरून झाली असतील, कुणी खुरपं बाजूला ठेवून बांधावर बसली असेल. आज आम्ही जरा लांबची गोष्ट घेऊन आलो आहोत, इंग्लंड-आयर्लंडची. पण ती फिरून आपल्या तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमपर्यंत येणार आहे, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

सुरुवात झाली एका फोनने. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. ती आईला सांगत होती, "वॉर्डात नव्वदी ओलांडलेल्या एक आजीबाई आहेत. पलीकडच्या जुन्या दगडी इमारतीत हलवायचं म्हटलं की रडायला लागतात. म्हणतात, मला वर्कहाउसमध्ये टाकू नका." ताईंनी गटाच्या बैठकीत विचारलं, "मॅडम, तुम्ही इतिहास शिकलात ना? वर्कहाउस म्हणजे काय हो?" आम्ही बी.ए. झालेल्या खऱ्या, पण पेपरात हा प्रश्न कधी आला नव्हता. "गरिबांसाठी काहीतरी असायचं" असं मोघम बोलून वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचायला बसलो. मग महिनाभर सुटलोच नाही.

वर्कहाउस म्हणजे कामघर म्हणू या. ज्याला पोटाला नाही, त्याने तिथं जायचं, सांगतील ते काम करायचं आणि दोन वेळचं खायचं. अशी घरं पूर्वीपासून होती, पण १८३४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नवा कायदा केला. गावोगावचे धर्मपंचायतीचे विभाग एकत्र करून सहाशेच्या आसपास संघ बांधले, प्रत्येक संघाला एक कामघर, आणि त्यावर देखरेखीला निवडून आलेल्या पालकांचं मंडळ. या कायद्यामागचा विचार ऐका. कामघरातलं जगणं हे बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही वाईटच असलं पाहिजे, म्हणजे ज्याचा अगदी नाइलाज झाला आहे तोच दार वाजवील. मदत तर द्यायची, पण घेणाऱ्याला परत यावंसं वाटू नये अशी द्यायची. रेशनच्या रांगेत ज्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांना हा विचार नवा वाटणार नाही.

दारातून आत गेलं की अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, ते वाफवून बांधून ठेवायचे. आंघोळ घालून कामघराचे कपडे द्यायचे. मग वाटणी. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. नवरा-बायको एका छपराखाली असून भेटायचे नाहीत. साठीच्या पुढच्या जोडप्यांना एकत्र खोली मिळण्याची सोय झाली तीसुद्धा १८४७ मध्ये. पुरुषांनी दगड फोडायचे, बायांनी धुणं आणि फरशी. आणखी एक काम होतं, जहाजांचे जुने डांबर लागलेले दोर नखांनी उकलून त्यांचा काथ्या वेगळा करायचा. बोटं सोलून निघायची. अँडोव्हर गावच्या कामघरात खतासाठी जनावरांची हाडं फोडायला देत, आणि भुकेली माणसं त्या हाडांना चिकटलेलं मांस न् आतला मगज खात होती. १८४५ साली हे बाहेर आलं, पार्लमेंटने चौकशी केली, वरचं मंडळ बदललं. कामघरं मात्र राहिली. पालक मंडळं १९३० मध्ये गेली आणि कायद्याने हे सगळं पूर्ण संपलं १९४८ मध्ये. इमारती मजबूत होत्या, त्यातल्या कितीतरींचे पुढे सरकारी दवाखाने झाले. त्या आजीबाई का रडत होत्या, ते आता कळलं.

आता तुम्हाला ओळखीचा एक माणूस दाखवतो. चार्ली चॅप्लिन. मागच्या महिला दिनाला शाळेच्या भिंतीवर त्याचा सिनेमा लावला होता आणि म्हाताऱ्या बायाही पोट धरून हसत होत्या, तोच. त्याची आई हॅना नाटक कंपनीत गाणारी. आवाज बसला, काम गेलं, नवरा वेगळा राहायचा आणि दारू प्यायचा. मग ती लोकांचे कपडे शिवून दोन मुलांना पोसायला लागली. शिलाई मशीन हप्त्यावर घेतलेलं होतं. हप्ते थकले, मशीन उचलून नेलं. मैत्रिणींनो, ही ओळ वाचली तेव्हा आम्ही पुस्तक खाली ठेवलं. आपल्या ग्रामसंघात किती मशीनं हप्त्यावर आहेत ते आठवा. तिला कुणी गट नव्हता, कुणी अंतर्गत कर्ज देणारं नव्हतं. १८९६ मध्ये हॅना, मोठा मुलगा सिडनी आणि सात वर्षांचा चार्ली लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या कामघराच्या दारात उभे राहिले. आत गेल्याबरोबर आई एकीकडे, मुलं दुसरीकडे. पुढे मुलांना शहराबाहेरच्या अनाथांच्या शाळेत पाठवलं.

दोन वर्षांनी ती पुन्हा कामघरात आली. ऑगस्ट १८९८ ची गोष्ट. नियम असा होता की घरातल्या कर्त्याने "आम्ही जातो" अशी सूचना दिली की सगळ्या कुटुंबाला सोडावं लागे. हॅनाने सूचना दिली. मुलांना शाळेतून आणलं, वाफवून चुरगळलेले कपडे परत मिळाले, तिघं बाहेर. सिडनीजवळ रुमालात बांधलेले नऊ पेन्स होते. त्यांची चेरी घेतली, बागेत बसून खाल्ली, वर्तमानपत्राचा कागद चुरगळून त्याला दोरी गुंडाळून चेंडू केला आणि माय-लेकरं दिवसभर खेळली. दुपारी उरलेल्या पैशांत चहा आणि थोडं खाणं. संध्याकाळी परत कामघराच्या दारात. कारकून चिडला, कारण कपडे पुन्हा वाफवायचे, नोंदी पुन्हा करायच्या. चॅप्लिनने म्हातारपणी स्वतःच्या पुस्तकात हे लिहिलं.

बरं, मोठी माणसं आठवणींत मीठमसाला घालतात. पण पुढे त्याचं चरित्र लिहिणाऱ्याने लॅम्बेथची जुनी दप्तरं काढली, तेव्हा त्यात हॅनाचं आणि मुलांचं जाणं आणि त्याच दिवशी परत येणं, दोन्ही नोंदलेलं सापडलं. कामघराला त्या दिवसाचं काही कौतुक नव्हतं. त्यांना फक्त किती तोंडं जेवायला आहेत ते मोजायचं होतं. आज त्या कामघराच्या एका इमारतीत सिनेमाचं संग्रहालय आहे.

आम्हाला यातली वही जास्त भावली. आपल्यातल्या कितीजणी अंगणवाडीत, शाळेच्या पोषण आहारावर काम करतात. तुम्हाला रोज किती मुलं हजर, किती तांदूळ निघाला ते लिहावं लागतं. कामघराच्या आवक-जावक वहीचंही तेच. तारीख, वार, नाव, धंदा, धर्म, जन्म कधीचा, कोणत्या गावातून आला, कुणाच्या हुकमाने घेतला, कारण काय. आणि तारखेशेजारी एक रकाना असा, की आत आल्यावर याचं पहिलं जेवण कोणतं, सकाळचं, दुपारचं की रात्रीचं. बाहेर जाणाऱ्यासाठी तसंच, शेवटचं जेवण कोणतं. एका भाकरीचाही हिशेब चुकू नये म्हणून. कुणाला वाटलं आपल्याला कमी वाढलंय, तर तो समोर वजन करून मागू शकत होता. अशी ही करडी, कवडीमोल दयेची व्यवस्था, पण तिची वही मात्र चोख. जमीनदाराचं नाव जमिनीच्या कागदात सापडतं. मोलकरणीचं, तिच्या तान्ह्या पोराचं नाव सापडलं तर ते या जेवणाच्या वहीत.

म्हणून आज तिकडची माणसं आपले पूर्वज शोधायला या वह्यांकडे जातात. पूर्वी जात नव्हती. घरात कुणी कामघरात होतं हे लपवायचं, मुलांना सांगायचं नाही. इतकी लाज, की १९०४ पासून सरकारनेच सांगितलं, कामघरात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर कामघर असं लिहू नका, साधा रस्त्याचा पत्ता घाला. लिव्हरपूलच्या कामघराला '१४४ अ, ब्राउनलो हिल' असा पत्ता दिला होता. आज एखादी नात पणजीचा जन्मदाखला काढते, तिला वाटतं हे तिचं घर. मग ती जुन्या नकाशावर तो नंबर शोधते आणि तिथं हजारो माणसांचं कामघर निघतं.

तिथून पुढे धागा ओढत जायचा. दर दहा वर्षांची जनगणना, ती तिकडे शंभर वर्षांनी सगळ्यांना बघायला खुली होते, १९२१ ची २०२२ मध्ये झाली. तीत कामघरातले लोकही मोजलेले असतात, पण काही ठिकाणी अख्खं नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं. आद्याक्षरं, वय आणि जन्मगाव जुळवून बसायचं. मग त्या काळच्या आवक-जावक वह्या, त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात. लंडनच्या वह्या शहराच्या मोठ्या अभिलेखागारात आहेत. १८६९ पासून धर्माची वेगळी वही ठेवू लागले. कोण कोणत्या चर्चचा यावरून भांडणं नकोत म्हणून ती होती, पण तीत बऱ्याचदा जवळच्या नातेवाईकाचं नाव येतं आणि शोधणाऱ्याला बहीण, मावशी सापडते. पालक मंडळाच्या सभेची इतिवृत्तं असतात. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कामघरांचा वरच्या कचेरीशी झालेला पत्रव्यवहार आहे, सोळा हजारांहून जास्त बाडं. त्यात कारकुनांच्या पत्रांबरोबर गरिबांनी स्वतः लिहिलेली किंवा कुणाकडून लिहून घेतलेली पत्रंही आहेत. अन्न कमी मिळतं, मारहाण होते, मुलाला कुठं पाठवलं ते सांगत नाहीत. त्या पत्रांत माणूस बोलताना ऐकू येतो, वहीत तो नुसता एका ओळीचा असतो.

कारणाच्या रकान्यात काय येतं? आजारी. म्हातारपण. काम नाही. गरोदर. नवरा सोडून गेला. शेवटची दोन कारणं पुरुषांच्या नावापुढे कशी येतील? लग्नाआधी दिवस गेलेली घरकामाची पोर, तिला मालकीणही ठेवत नसे आणि आईबापही घेत नसत. बाळंतपणाला कामघराशिवाय जागा नसे. आज तिचे वंशज ती ओळ वाचतात. बाळाच्या दाखल्यावर बापाची जागा कोरी असते. काही जणांना वाईट वाटतं, काहींना राग येतो. आम्हाला वाटतं की पोरीने बाळ टाकलं नाही, नाव लावलं, हे त्या कोऱ्या जागेशेजारीच लिहिलेलं असतं. बघणाऱ्याने कुठं बघायचं त्यावर आहे.

पालक मंडळावर सुरुवातीला सगळे पुरुष. बाई पहिल्यांदा निवडून आली १८७५ मध्ये, लंडनच्या केन्सिंग्टन भागात. १८९४ मध्ये मँचेस्टरकडे एमेलिन पॅंकहर्स्ट निवडून आल्या, ज्यांनी पुढे बायकांच्या मतासाठी तुरुंग पाहिला. त्यांनी कामघरात सात-आठ वर्षांच्या पोरी पातळ सुती झग्यात थंडगार दगडी फरशा घासताना पाहिल्या. पोटुशा बायाही बाळंत होईपर्यंत तेच करत होत्या. मताचा हक्क हवा, हे तिथं जास्त पटलं असं त्यांनी लिहिलंय. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आपल्या सदस्य ताईंनी हे लक्षात ठेवावं, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

आता आयर्लंड. तिथं १८४५ पासून बटाट्याला रोग पडला आणि गरिबांचं सगळं खाणं बटाट्यावर. पाच-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. आधी १३० कामघरं बांधलेली होती, ती ओसंडून वाहिली, मग आणखी बांधून १६३ केली. कामघरांत अनाथ पोरींची गर्दी झाली. तिकडे ऑस्ट्रेलियात गोऱ्या वसाहतीला मोलकरणी आणि बायका हव्या होत्या. वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांनी योजना काढली, आणि १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या कामघरांतून चार हजारांहून जास्त पोरी जहाजांत बसवून सिडनी, मेलबर्न, ॲडलेडला पाठवल्या. वय साधारण चौदा ते वीस. पहिलं जहाज सिडनीला लागलं ऑक्टोबर १८४८ मध्ये.

प्रत्येकीला एक लाकडी पेटी. पेटीत काय, तेही ठरलेलं. सहा आतले सदरे, दोन फ्लॅनेलचे परकर, सहा जोड मोजे, दोन जोड बूट, दोन झगे, त्यातला एक गरम कापडाचा. आम्ही ही यादी गटात वाचून दाखवली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर रुखवताची यादी झाली. फक्त सासर कुठं ते पोरीला ठाऊक नाही." यापेक्षा बरं आम्हाला सांगता आलं नसतं.

त्या पोरींना सिडनीत हाइड पार्क बॅरॅक्स नावाच्या इमारतीत उतरवलं, तिथून घरकामाला दिलं. वर्तमानपत्रांनी त्यांना आळशी, अडाणी, काय वाटेल ते म्हटलं, योजना दोन वर्षांत बंद पडली. पण बंदरात उतरताना अधिकाऱ्यांनी यादी केली होती. नाव, वय, आईबापांची नावं, गाव, धर्म, लिहिता-वाचता येतं का. त्या यादीवरून आज ऑस्ट्रेलियातल्या बायका उलट्या वाटेने चालत जातात. यादीत बापाचं नाव आणि गाव मिळतं, त्यावरून आयर्लंडमधलं कामघर, मग तिथली वही, नशीब असेल तर त्या वहीत पोरीच्या आईच्या मृत्यूची ओळ. आयर्लंडमध्ये हे सोपं नाही. १९२२ च्या आगीत डब्लिनचं मोठं दप्तर जळालं, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक सगळे कागद गेले. कामघराच्या वह्या राजधानीत नव्हत्या, गावोगावी धूळ खात पडल्या होत्या, म्हणून त्यातल्या काही वाचल्या. धुळीचाही उपयोग होतो कधीकधी.

आणि अडचण तीच, जी आपल्याला ओळखीची आहे. पोरीचं लग्न झालं की आडनाव बदललं. कारकुनाने ऐकू येईल तसं लिहिलं, एकाच पोरीचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हेने. काही पोरी यादीनंतर पुन्हा कुठंच दिसत नाहीत. सिडनीत त्या इमारतीच्या भिंतीत १९९९ साली एक स्मारक केलं. काचेवर चारशेहून जास्त पोरींची नावं कोरली आहेत, आणि ती मुद्दाम कडेकडेला फिकट होत जातात.

आपल्याकडचा धागा आता सांगतो. आयर्लंडच्या दुष्काळात मदतीच्या पैशावर लंडनमध्ये ज्यांचा हात होता ते चार्ल्स ट्रेव्हेलियन आधी कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात होते आणि नंतर १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर होऊन परत आले. मदत जास्त दिली की लोक आळशी होतात, ही समजूत अशी दोन्हीकडे फिरत होती. १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ पडला तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि वर थोडे पैसे. मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्याच दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. पुढे सरकारने दुष्काळाचे नियम केले, त्यात काम न होणाऱ्या म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी गरीबघरं होती. कामघराची ही इकडची चुलत बहीण. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथं त्या काळची सरकारी दप्तरं ठेवली आहेत. कोणत्या कामावर किती पुरुष, किती बाया, किती मुलं, असे आकडे सरकार आठवड्याला गोळा करत होतं. त्या आकड्यांत आपली कुणीतरी पणजीची पणजी 'बाया' या रकान्यात मोजली गेली असणार. नाव नाही, एक आकडा.

ही सगळी गोष्ट बैठकीत सांगून झाली, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बोलल्या. आजी पंचाहत्तरीच्या आहेत, गट सुरू झाल्यापासूनच्या सभासद. "पोरी, बहात्तर सालात मीबी खडी फोडलीय. पोटात पोर होतं. सुकडी खाल्ली, ती लाल मिलो खाल्ली. रोज हजेरीपटावर अंगठा द्यायचे. बघ की माझं नाव कुठं घावतंय का."

आम्ही एका कचेरीत गेलो. ते हजेरीपट केव्हाच रद्दीत गेले, असं उत्तर मिळालं. आजींना सांगायला जड गेलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. माझं जन्माचं तरी बघ."

त्याचं कारण होतं. आजींच्या नातीच्या जात पडताळणीसाठी घरात कागद काढणं चालू होतं. तुम्हाला ही यातायात माहीत आहे. शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना चौदा, कोतवाल बुकाची नक्कल, जुने फेरफार, मोडी असेल तर वाचणारा शोधायचा. नातीच्या पणजोबांची नोंद मिळाली, काम झालं. पण ते सगळं सासरच्या बाजूचं, पुरुषांच्या ओळीने. आजींच्या माहेरचा कागद कुणालाच लागत नव्हता. म्हणून कुणी काढला नव्हता.

आम्ही माहेरच्या तालुक्याला अर्ज टाकला. साधा अर्ज, गावाचं नाव, अंदाजे साल, बापाचं नाव, नकलेची फी. दोन हेलपाटे झाले. कोतवाल बुकात त्या सालांत आजींच्या वडिलांच्या नावापुढे दोन नोंदी निघाल्या. दोन्हींत बापाचं नाव, जात, तारीख, आणि बाळाच्या नावाच्या जागी एकच शब्द, 'मुलगी'. आजींना एक मोठी बहीण होती, ती लहानपणी गोवराने गेली. दोन्हींतली आजी कोणती आणि बहीण कोणती?

नक्कल हातात घेऊन आजी कितीतरी वेळ बसल्या. वाचता येत नाही, तरी बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "एक मी हाय न् एक ती. दोघी हायेत, बास."

आम्ही तिथंच विचारलं, आजी, तुमचं माहेरचं नाव काय? लग्नात नाव बदललं होतं, आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकात, गटाच्या वहीत सगळीकडे सासरचंच. पहिलं नाव पन्नास वर्षांत कुणी हाक मारायला वापरलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. बहिणीचंही सांगितलं. रेडिओवर आम्ही ती नावं सांगणार नाही, ती त्यांची आहेत.

आता महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव लावायचं असा नियम झालाय. बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं. चांगलं झालं. पण आजीचं, पणजीचं नाव त्यात येत नाही, ते आपल्यालाच लिहावं लागेल. आमच्या ग्रामसंघात ठराव झाला आहे. इतिवृत्त वहीच्या शेवटी कोरी पानं असतात ना, तिथं प्रत्येक सभासदाने आपलं माहेरचं नाव, आईचं नाव, आईच्या माहेरचं गाव आणि आजीचं नाव सांगायचं. सचिव ताई लिहून घेतील. आठवत नसेल तर माहेरी फोन करून विचारायचं, म्हातारी माणसं आहेत तोवर. दुष्काळात, ऊसतोडीला, धरणाच्या कामाला कुणी कुठं गेलं होतं तेही, सांगावंसं वाटलं तर. लाज वाटत असेल तर नका सांगू, सक्ती नाही. पहिल्या बैठकीत सोळा जणींपैकी चार जणींनाच आजीचं नाव सांगता आलं. त्यात आम्ही नव्हतो. रात्री मामाला फोन लावला.

आणखी एक सांगायचं. गटाच्या जुन्या वह्या भरल्या की त्या उदबत्तीच्या पुड्याला, भेळीला जातात. त्यात आपले अंगठे आहेत, कोणत्या बाईने कशासाठी कर्ज घेतलं ते आहे. बाळंतपणाला, बोअरला, मशीनला. त्या वह्या पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. पाला दर पावसाळ्यानंतर बदला, वाळवीचा भरवसा नाही.

त्या नर्स मुलीला आम्ही निरोप पाठवला होता, त्या आजीबाईंना विचार म्हणून, त्यांच्या घरचं कोण होतं कामघरात. तिचं उत्तर आलं. त्यांची आई. आजीबाईंचा स्वतःचा जन्मही तिथलाच, दाखल्यावर रस्त्याचा पत्ता. त्यांना जुन्या इमारतीत हलवलं नाही, खिडकीजवळच्याच खाटेवर आहेत.

पुढच्या बुधवारी मोडी वाचणारे एक गुरुजी आपल्याकडे येणार आहेत. घरात जुना मोडीचा कागद असेल तर त्याचा फोटो केंद्राच्या नंबरवर पाठवा, कागद घडी न मोडता, उजेडात. भेटू या.